कामकरी गणवेशाची साक्ष

बडोद्यातील तरसाली येथे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. यंत्रापाशी ठेवणीतला पोशाख चालत नाही, हे तेथील विद्यार्थ्यांस सांगावे लागत नाही. सैनिकाचेही तसेच. जर्मन सैन्यात साफसफाई, दुरुस्ती अशा कामांसाठी ‘ड्रिलिख’ नावाच्या जाड, चिवट कापडाचा निराळा गणवेश असे. आरंभी तो न रंगविलेला, पांढुरका होता. १९४० पासून लव्हाळ्यासारखा हिरवा येऊ लागला.

संग्राहकाची कसोटी येथेच लागते. वारंवार धुतल्याने हिरवा रंग उडून कापड जुन्या पांढुरक्यासारखे दिसू लागते. खरा रंग सापडतो तो शिवणीच्या आत, जेथे ऊन पोहोचलेले नसते. रंग कापडात कसा मुरतो, ही विद्या बडोद्यास नवी नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांनी स्थापिलेल्या कलाभवनात ती शिकविली जाई.

म्हणून असा गणवेश धुऊन, ठिगळे उसवून मांडणे म्हणजे पुरावाच पुसणे होय. हिटलरशाहीचे अपराध ज्याच्या बळावर घडले, त्या सैन्याचा नित्यक्रम या डागांतून कळतो. असा संग्रह गौरवासाठी नव्हे, साक्षीसाठी असावा.