सेन्सरची पाळी

द्राक्षबागेत ओल मोजायला मातीत सेन्सर पुरतात. आयआयटी मुंबईनं नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात असं बिनतारी जाळं लावून पाहिलं होतं. यातला प्रत्येक सेन्सर सेलवर चालतो. ऐन हंगामात सेल संपला, की पाणी पुन्हा अंदाजानं.

सेल जास्त खातं ते निरोप धाडणं. अंतर दुप्पट झालं, की मोकळ्या रानातसुद्धा चौपट ताकद लागते. वेलींच्या पानोळ्यात त्याहून जास्त. म्हणून लांबचा सेन्सर मधल्याला सांगतो आणि मधला पुढं घरापर्यंत पोचवतो. दोघांची चौथाई-चौथाई धरली, तरी निम्म्यात भागतं.

पण मधल्याचं काय? गटाचं पासबुक घेऊन बार्शीला जायचं दर वेळी एकीच्याच गळ्यात पडलं, की ती वैतागतेच ना! तसा हा सगळ्यांचे निरोप वाहून आधी संपतो. म्हणून मधल्या चार-पाचांत पाळी लावतात. ज्याच्या सेलात जीव जास्त, त्यानं आज ओझं घ्यायचं. शिवाय निरोपाची वाट बघत जागं राहणंही जवळजवळ बोलण्याइतकंच सेल खातं. मग सगळे ठरल्या वेळी क्षणभर जागे होतात, एरवी झोपतात.

विकणारा दारात आला, की विचारा: मधला बंद पडला, तर निरोप कुठल्या वाटेनं येणार?