वहाणांवरची बुरशी

पावसाळा लागला, की चामड्याच्या वहाणा कोपऱ्यात जातात. कुणी त्या पोत्याखाली सारतं, कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतं. नवरात्रात काढून बघावं, तर वहाणा पांढऱ्या-हिरव्या! जणू कुणी पीठ भुरभुरलं आहे. “गेल्या वहाणा,” असं म्हणून पुष्कळ लोक त्या फेकून देतात. फेकू नका. वहाण गेलेली नसते. तिच्यावर बुरशी आली, एवढंच.

शिळ्या भाकरीवर येते, तशीच ही बुरशी. तिला ओल हवी आणि खायला काही हवे. कोल्हापुरी वहाणेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवून कमावतात. वर त्याला तेलही देतात. असे कातडे ओल ओढून घेते. बांधलेल्या पिशवीत वारा शिरत नाही. मग काय, बुरशीचे फावते.

अशी वहाण आधी घराबाहेर न्या. घरात झटकली तर बुरशीची पूड उडून दुसऱ्या वस्तूंवर बसते. तोंडानाकावर फडके बांधा. कोरड्या फडक्याने वहाण पुसा. शिवणीतून जुना ब्रश फिरवा. मग व्हिनेगर आणि पाणी सारखे घ्या. त्यात फडके बुडवून घट्ट पिळा आणि पुन्हा पुसा. आधी तळाला जरासे लावून बघा, रंग जात असेल तर थांबा.

खरी चूक होते ती यानंतर. लवकर वाळावी म्हणून वहाण चुलीजवळ ठेवतात. पण कोरडं कातडं जेवढी उष्णता सोसतं, तेवढी ओलं कातडं सोसत नाही. ते आकसतं, कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. एका घरी नवी जोडी रात्रभर चुलीपाशी राहिली. सकाळी टाचा वर वळलेल्या, पाय काही आत जाईना. वहाणा शिवणाऱ्या काकांकडे नेली, तेव्हा ते म्हणाले, “ताई, बुरशी मी काढून दिली असती. भाजलेल्या कातड्याला मी काय करू?”

तेव्हा वहाण सावलीत, वाऱ्यावर, भिंतीला उभी टेकवून ठेवा. दोन दिवस लागले तर लागू द्या. पुरी वाळल्यावर एरंडेलाचा हलका हात फिरवा. हलकाच बरं का! तेल फार झालं तर कातडं काळवंडतं.

काळे डाग मात्र वेगळे. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करत. हिराकशीत लोखंड असते. ओली वहाण लोखंडी खिळ्याला अडकवली, की कातड्यातला हिरडा आणि ते लोखंड मिळून तशीच शाई होते. हा डाग पाण्याने निघत नाही. लिंबाच्या रसाने तो फिका पडतो. नंतर ओल्या फडक्याने रस पुसून काढा आणि वहाण पुन्हा सावलीत वाळवा. मग ती उघड्या लाकडी फळीवर ठेवा.