कामावर गेलं की दूध आटतं? अंगावरच्या दुधाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत वाढत गेली, तशा कागल आणि आसपासच्या गावांतल्या बायकाही पाळीवर जाऊ लागल्या. बाळंतपणाची रजा संपत आली की अशा घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आता कामावर जायचीस, दूध आटणारच. आत्तापासनंच वरच्या दुधाची सवय लाव पोराला." बोलणाऱ्या सासूबाईंच्या मनात मायाच असते. पण या समजुतीपायी चौथ्या महिन्यात घरात बाटली येते आणि मग दूध खरोखरच कमी होतं.

कामामुळे दूध आटत नाही. ते आटतं छातीत साचून राहिल्यामुळे. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं आणि ऑक्सिटोसिन पान्हा सोडतं. छाती रिकामी झाली की नवं दूध झपाट्यानं तयार होतं, भरून राहिली की शरीर वेग कमी करतं. बाटलीनं पोट भरलेलं बाळ कमी ओढतं, म्हणून दूध कमी बनतं, म्हणून बाटली वाढते. या चक्रात कारखान्याचा दोष फारसा नाही. पाळीवर असताना दोनदा-तीनदा दूध काढलं आणि घरी आल्यावर, विशेषतः रात्री, बाळाला मनसोक्त पाजलं तर दूध टिकतं. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं तर सोडूच नये.

"दूध पुरत नाही" ही दुसरी तक्रार. तिचा पुरावा म्हणून बाळाचं रडणं दाखवलं जातं. पण बाळ गरमीनं रडतं, झोप आली म्हणून रडतं, नुसतं कुशीत घ्यावं म्हणूनही रडतं. पाहायचं ते वेगळंच : पहिला आठवडा उलटल्यावर दिवसात सहा किंवा जास्त वेळा शू होते का आणि वजन वाढतंय का. अंगणवाडीतल्या काट्यावर वजन करून तक्त्यावर नोंदवलं की उत्तर मिळतं. वजन खरंच वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर बाळंतिणीनं जरूर खावी, कारण पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. मात्र लाडवानं दूध वाढतं असं मानून पाजण्याच्या वेळा कमी केल्या, तर लाडू काही कामाचा नाही.

सगळ्यांत मोठी अडचण काढून ठेवलेल्या दुधाची. "शिळं दूध बाळाला कसं द्यायचं?" असं विचारणाऱ्यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयाकडे पाहावं. तिथे डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. आयांनी काढून दिलेलं दूध तपासून, पाश्चरीकरण करून तिथे सर्वांत नाजूक, कमी दिवसांच्या बाळांना देतात. आपल्याच बाळासाठी काढलेल्या दुधाला तर एवढ्या सोपस्कारांचीही गरज नाही.

त्यासाठी महागडा पंप घ्यायला हवा असंही नाही. हात साबणानं धुवावेत. उकळून घेतलेली, रुंद तोंडाची स्टीलची वाटी घ्यावी. अंगठा वर आणि बोटं खाली, बोंडाभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला ठेवावीत, आधी छातीच्या दिशेनं आत दाबावं, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे आणावीत. बोंड ओढायचं नाही. पहिल्या मिनिटात थेंबच येतात, मग धार लागते. हात फिरवत दोन्ही बाजू रिकाम्या करायला वीस-तीस मिनिटं लागतात. दुखत असेल तर पद्धत चुकतेय. आशाताईंना किंवा नर्सबाईंना विचारावं, त्या करून दाखवतात.

हे दूध झाकून साध्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस राहतं. चार तासांचा हिशेब २५ अंशांचा आहे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्यावर विसंबू नये, दुधाचा डबा बर्फ घातलेल्या दुसऱ्या डब्यात ठेवावा. ठेवलेल्या दुधावर साय तरंगते आणि खालचं दूध निळसर, पातळ दिसतं. म्हशीच्या दाट दुधाची सवय असलेल्या आपल्या घरांत ते "फाटलं" म्हणून मोरीत ओतलं जातं. ते फाटलेलं नसतं, हलकेच हलवलं की एकजीव होतं. गॅसवर तापवू नये, भांडं कोमट पाण्यात ठेवावं. बाळाला वाटी-चमच्यानं पाजावं, बाटली नको. एक ते सहा महिन्यांच्या बाळाला ताशी साधारण ३० मिलिलिटर धरलं, तर नऊ तासांच्या गैरहजेरीला २७० मिलिलिटर होतात. कामावर जायच्या दहा-पंधरा दिवस आधीपासून थोडं थोडं काढायला लागलं की एवढी तयारी होते.

"उन्हातनं आलीस, पहिली धार पिळून टाक" हेही ऐकू येतं. छातीतलं दूध उन्हानं नासत नाही. पाणी प्यावं, घाम पुसावा आणि पाजावं. उन्हाळ्यात बाळाला वरून पाणीही नको, आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. गुटी, मध, ग्राईप वॉटर सहा महिने नकोच, आणि मध तर वर्षभर नको. डॉक्टरांनी दिलेली औषधं व व्हिटॅमिनचे थेंब मात्र चालतात. चिकाबद्दल मला राहून राहून वाईट वाटतं. म्हशीच्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी कौतुकानं वाटतो, आणि बाळंतिणीचा पिवळा चीक घाण म्हणून टाकून देतो. रोगप्रतिकारक द्रव्यं त्यातच सर्वाधिक असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या जेमतेम ४२ टक्के बाळांना जन्मानंतर तासाभरात छातीशी लावलेलं आढळलं. निव्वळ आईच्या दुधावर असलेली सहा महिन्यांखालची बाळं ६३.७ टक्के होती, आधीच्या फेरीत ती ५४.९ टक्के होती.

"पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत" हा समज नोकरदार आईला चांगलाच महागात पडतो. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही आणि दिवस-रात्र केवळ अंगावरचं दूध, या तिन्ही अटी पाळल्या तरच ते बऱ्यापैकी खरं असतं. दिवसाचे नऊ तास बाळ दूर असेल तर दुसरं साधन हवंच.

आता रजेकडे वळू. "मी कंत्राटी आहे, मला कुठली रजा" असं अनेकजणी गृहीत धरतात. मातृत्व लाभ कायद्यात ठेकेदारामार्फत लागलेली स्त्रीही येते. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलेलं असावं लागतं. महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्या कामगारांना हा लाभ ईएसआयमधून मिळतो, त्याची अट वर्गणीच्या ७० दिवसांची आहे. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, त्यांतले जास्तीत जास्त आठ बाळंतपणाआधी घेता येतात. तेवढे आधीच घेतले तर उरतात अठरा, म्हणजे बाळ चार महिन्यांचं असतानाच कामावर हजर व्हावं लागतं. शक्य असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर जास्त रजा बाळंतपणानंतर ठेवलेली बरी. परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळतात, आणि पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक असून आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष होऊ शकतात, तर कारखान्यात दार लागणारी एक स्वच्छ खोली आणि एक छोटा फ्रिज ठेवणं कुठल्याच मालकाला जड नाही.

एक गैरसमज मात्र आपणा बाकीच्यांचा आहे : शेतात राबणारी बाई बाळ जवळच ठेवते, तिला काय अडचण? हंगामात साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला आलेल्या टोळ्यांत तान्ही बाळं फडाच्या कडेला झोळीत असतात. मजुरी टनावर ठरलेली, त्यामुळे पाजायला बसलेली आई तेवढा ऊस गमावते. तिला २६ आठवडे लागू नाहीत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे ५ हजार रुपये आहेत, पण नोंद एका जिल्ह्यात आणि पोट दुसऱ्या जिल्ह्यात असलेल्या बाईला तेही सुखासुखी मिळत नाहीत. फडाजवळच्या अंगणवाडीनं अशा बाळांचं वजन आणि नोंद आपल्याकडे घेणं, आणि पाजायला लागणाऱ्या वेळेचे पैसे तिच्या मजुरीतून न जाणं, या दोन गोष्टी कारखाना आणि पंचायत यांनी ठरवलं तर याच गळीत हंगामात होऊ शकतात.