ढिगाचाही हिशेब असतो

टेबलावर कागदांचा ढीग दिसला की आपण आळसाचा शिक्का फार लवकर मारतो. जपानी अर्थतज्ज्ञ युकिओ नोगुची यांनी १९९३मध्ये वेगळीच रीत मांडली: विषयवार वर्गवारी करायचीच नाही, कागद पाकिटांत घालून ती रांगेत लावायची आणि वापरलेलं पाकीट डाव्या टोकाला ठेवायचं. रोजचं आपोआप हाताशी राहतं, बिनकामाचं उजवीकडे सरकतं. संगणकशास्त्रज्ञ डॅनिएल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन यांनी तर १९८५मध्येच सिद्ध केलं होतं, की यादीतली वापरलेली वस्तू दरवेळी पुढे आणली, तर शोधाचा एकूण खर्च, पुढे काय लागणार हे आधीच ठाऊक असलेल्या आदर्श पद्धतीच्याही साधारण दुपटीपलीकडे जात नाही. कागद वापरून पुन्हा ढिगावरच ठेवणारा नकळत हेच करत असतो.

मग फायली नकोतच? तसं नाही. सातबारा किंवा विम्याची पॉलिसी वर्षानुवर्षं लागत नाही म्हणून तळाशी जाते. आणि लागते तेव्हा घाईत, कदाचित घरातल्या दुसऱ्याच कुणाला. ढिगाचा क्रम एकाच्याच डोक्यात असतो, त्यामुळे अशा मोजक्या कागदांना आणि सामायिक कपाटाला ठरलेली जागा हवीच. उरलेली कात्रणं, जुन्या पावत्या रंगीत फायलींत लावण्यात रविवार घालवणं मात्र मला काम टाळण्याचाच प्रकार वाटतो. त्या तळातून थेट रद्दीत गेल्या तरी चालेल.