तीळ झोपून का राहतो?

हातावरचा एखादा तीळ जरा निरखून पाहा. बहुसंख्य साध्या तिळांच्या पेशींत ‘बीरॅफ’ या जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. २००२ साली हा बदल मेलॅनोमात, म्हणजे रंगपेशींच्या घातक कर्करोगात सापडला. पुढच्याच वर्षी तो निरुपद्रवी तिळांतही दिसला. चूक तीच, मग बहुतेक तीळ जन्मभर गप्प का राहतात?

उत्तराचा एक भाग जनुकांच्या वाचनात दडलाय. जवळपास प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो आणि तो मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात मावतो! हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर तो गुंडाळलेला असतो. घट्ट गुंडाळलेलं जनुक म्हणजे बासनात बांधलेली पोथी: मजकूर शाबूत, पण वाचता येत नाही. कोणतं बासन सोडायचं, कोणतं बांधायचं, हे ठरवण्यात काही विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, मोठा हात असतो. एखादं विकर हिस्टोनच्या शेपटाला मिथाइलची इवलीशी खूण चिकटवतं, दुसरं ती काढतं, तिसरं ॲसिटाइल लावून वेटोळं सैल करतं. डीएनएचं अक्षरही न बदलता! एकाच मजकुरातून डोळा, यकृत आणि त्वचा घडते ती अशी.

या विकरांचा तोल गेला तर काय होतं, हे दाखवलं एका माशाने. झेब्राफिश हा तीन-चार सेंटिमीटरचा पट्टेरी मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात १८२२ साली त्याचं वर्णन केलं. बोस्टनमध्ये लेनर्ड झॉन यांच्या प्रयोगशाळेत या माशात माणसाचं बिघडलेलं बीरॅफ घातलं, तेव्हा अंगावर नुसते तीळ उमटले. ‘पी-५३’ हे राखणदार जनुकही निकामी असलेल्या माशांत मात्र मेलॅनोमा झाला. २०११ साली त्यात अशाच एका विकराची, ‘सेटडीबी-१’ची, भर घातली आणि गाठी लवकर उगवू लागल्या. हे विकर बासनं बांधणारं. माणसाच्या कित्येक मेलॅनोमांत त्याच्या जनुकाच्या जादा प्रती असतात.

खरं नवल २०१६ सालचं. या माशांच्या सगळ्या रंगपेशींत बीरॅफ आणि पी-५३ हे दोन्ही बिघाड असूनही कर्करोग एखाद्याच पेशीतून सुरू होतो. ती ओळखायची कशी? गर्भावस्थेत रंगपेशींच्या पूर्वज पेशींत चालणाऱ्या आणि पुढे मिटून जाणाऱ्या एका जनुकाला संशोधकांनी हिरवा दिवा जोडला. मोठ्या माशाच्या अंगावर एकच पेशी हिरवी चमकली आणि पुढे तिथेच गाठ झाली. मिटलेली पोथी पुन्हा उघडली गेली होती.

यातच आशा आहे. बदललेलं अक्षर दुरुस्त करणं कठीण. विकराने लावलेली खूण मात्र पुसता येते. हिस्टोनवरचं ॲसिटाइल काढणाऱ्या विकरांना रोखणारं ‘व्होरिनोस्टॅट’ हे औषध २००६ साली अमेरिकेत त्वचेतल्या टी-पेशींच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. मेलॅनोमासाठी अशा औषधांचा शोध चालू आहे.

तोवर आपले डोळे उघडे ठेवू या. भारतात मेलॅनोमा विरळा, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. एखादा डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या होत असतील, रक्त येत असेल, तर घरगुती लेप लावत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. वेळेत काढलेला मेलॅनोमा बहुतेकदा पूर्ण बरा होतो.