उघडे टॅब आणि त्यांची व्यवस्था

ग्रंथालयाच्या मेजावर एका वेळी किती पुस्तके उघडी ठेवावीत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मेजाची लांबी-रुंदीच त्याचे उत्तर देते. चार-पाच ग्रंथ पसरले की कोपर ठेवावयास जागा उरत नाही, आणि मग वाचक आपण होऊनच एखादा ग्रंथ मिटून बाजूला सारतो. संगणकाच्या पडद्यावर असे अडविणारे काही नाही. तेथे नवे पान उघडण्यास बोटाची एक हालचाल पुरते आणि जुने पान मिटण्याची सक्ती कोणी करीत नाही. यामुळे तासाभराच्या वाचनानंतर पडद्याच्या माथ्यावर तीस-चाळीस पानांची दाटी झालेली असते व हवे ते पान हाती लागत नाही. ही दाटी का होते, तिच्यामुळे नेमके काय बिघडते आणि ती कशी आवरावी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

ज्या साधनाच्या साहाय्याने आपण संगणकावर संकेतस्थळांची पाने पाहतो त्यास ब्राउझर म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत जागतिक माहितीजालाची कल्पना मांडली आणि १९९० साली पहिला ब्राउझर सिद्ध केला. प्रारंभीच्या ब्राउझरांत एका खिडकीत एकच पान मावत असे. दुसरे पान हवे असल्यास पहिले सोडावे लागे किंवा निराळी खिडकी उघडावी लागे. एकाच खिडकीत अनेक पाने ठेवून त्यांची शीर्षके वरच्या पट्टीत ओळीने दाखवावीत, ही युक्ती १९९४ सालच्या इंटरनेटवर्क्स या ब्राउझरात आढळते. पुढे १९९७ सालच्या नेटकॅप्टरने आणि त्यानंतर ऑपेराने ती उचलली. २००४ साली फायरफॉक्स व २००६ साली इंटरनेट एक्सप्लोररची सातवी आवृत्ती आली, तेव्हा ती सर्वतोमुखी झाली. दप्तरातील फाइलींच्या कडेला विषयाचे नाव लिहिलेली जी पट्टी बाहेर डोकावते तिला इंग्रजीत टॅब म्हणतात. तेच नाव या शीर्षकपट्टीला मिळाले आणि आता ते मराठीतही रुळले आहे.

सोय म्हणून आलेली ही वस्तू पसारा कशी झाली? अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली या प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना आपल्या टॅबांच्या गर्दीचा त्रास होतो, काहींना तिची लाजही वाटते, तरीही ती कमी करण्यास मन धजत नाही, असे त्यांना दिसून आले. पान नजरेआड झाले की ते कायमचे हरवले, ही भीती त्याच्या मुळाशी असते. त्या अभ्यासाच्या एका भागात सहभागी झालेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश व्यक्तींनी अतिरिक्त टॅबांमुळे आपला ब्राउझर किंवा संगणकच बंद पडल्याचे सांगितले.

ही भीती नीट उकलून पाहिली म्हणजे ध्यानात येते की, उघड्या टॅबावर आपण परस्परांहून भिन्न अशी कामे सोपवीत असतो. एखादे पान आपण या क्षणी वाचत असतो, दुसरे पुढे कधी तरी वाचावे म्हणून ठेवलेले असते, तिसरे एखाद्या अपुऱ्या कामाची आठवण म्हणून उभे असते, आणि चौथे केवळ पुन्हा सापडणार नाही या धास्तीने मिटलेले नसते. मेज, कपाट, दिनदर्शिका आणि अडगळीची खोली या चौघांचे काम एकाच अरुंद पट्टीकडून करून घेण्याचा हा प्रकार होय. पट्टी त्यास पुरी पडत नाही.

ती का पुरी पडत नाही याचा हिशेब सोपा आहे. पुष्कळशा साध्या लॅपटॉपांचा पडदा १,३६६ बिंदू रुंद असतो. त्यावर दहा टॅब उघडले तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे १३७ बिंदू येतात व शीर्षकाचे पहिले दोन-तीन शब्द वाचता येतात. वीस टॅब झाले की ही रुंदी ६८ बिंदूंवर येते, आणि चाळीस झाले म्हणजे जेमतेम ३४ बिंदू उरतात. त्यात संकेतस्थळाचे छोटे चिन्ह मावते, शीर्षक नाही. शिवाय एकाच संकेतस्थळाची दहा पाने उघडली असतील तर दहाही चिन्हे सारखीच! मग वाचक हवे असलेले पान शोधण्याऐवजी ते पुन्हा उघडतो, आणि पसारा आणखी एकाने वाढतो. काही ब्राउझरांत पट्टी आक्रसत नाही, ती आडवी सरकते. तेथे शीर्षके वाचता येतात, परंतु बरेचसे टॅब पडद्याबाहेर गेलेले असतात, एवढाच फरक.

एका वेळी किती टॅब असावेत याविषयी निरनिराळे आकडे सांगितले जातात. त्यांपैकी सात हा आकडा विशेष लोकप्रिय आहे. जॉर्ज मिलर यांच्या १९५६ सालच्या प्रसिद्ध निबंधाचा त्यास आधार दिला जातो; पण तो आधार येथे लागू पडत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मिलर यांनी विचार केला होता तो मनात क्षणभर धरून ठेवता येणाऱ्या गोष्टींचा (नेल्सन कोवन यांनी २००१ साली ही मर्यादा चारच्या आसपास असल्याचे प्रतिपादन केले). टॅब तर डोळ्यांपुढे असतात, ते मनात धरावे लागत नाहीत. यास्तव आकड्याच्या मागे न लागता एकच कसोटी लावावी : पट्टीवरील प्रत्येक शीर्षक वाचता येते काय, आणि ते वाचताच पान कशासाठी उघडले होते हे सांगता येते काय?

मनावर पडणारा भार मात्र खरा आहे. सोफी लेरॉय यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, एक काम अपुरे सोडून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाचे काही लक्ष पहिल्यातच रेंगाळत राहते आणि त्यामुळे दुसरे काम निकृष्ट होते. मासिकॅम्पो व बाउमाइस्टर यांनी २०११ साली याच्या पुढची गोष्ट दाखविली. अपुरे काम केव्हा व कसे करावयाचे याचा नेमका बेत आखला, की ते काम पूर्ण झालेले नसूनही मनाला टोचणी लावण्याचे थांबते. हे प्रयोग टॅबांवर केलेले नव्हते. तथापि आठवण म्हणून उघडा ठेवलेला टॅब हे बेत न आखलेल्या अपुऱ्या कामाचेच रूप असल्याने, त्यांतून आपणांस घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आता यंत्राकडे वळू. २००८ साली आलेल्या क्रोम ब्राउझराने टॅबांसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालविण्याची पद्धत रूढ केली. एक पान कोसळले तरी शेजारची पाने शाबूत राहावीत हा त्यामागील हेतू होता व तो साधलाही. परंतु त्याची किंमत स्मृतीच्या रूपाने मोजावी लागते. साधे मजकुराचे पान काही दशक मेगाबाइटांत भागते. नकाशे, चलचित्रे किंवा पत्रव्यवहार यांची पाने शेकडो मेगाबाइट घेतात. शाळेतील संगणकाची स्मृती ४ गिगाबाइट, म्हणजे ४,०९६ मेगाबाइट असेल, तर तिचा बराचसा भाग संगणकाची मूळ कार्यप्रणालीच व्यापते. उरलेली जागा भरली की यंत्र काही मजकूर स्मृतीतून काढून तबकडीवर नेऊन ठेवते आणि मागितल्यावर परत आणते. तबकडीचा वेग स्मृतीच्या मानाने हजारो पटींनी कमी असल्याने कळ दाबल्यावर अक्षर उमटावयासही वेळ लागू लागतो. विद्यार्थी संगणकास दोष देतो. दोष पुष्कळदा पट्टीवरील गर्दीचा असतो.

ब्राउझर तयार करणाऱ्यांनी यावर उपाय योजला आहे. न वापरलेले टॅब झोपवून त्यांची स्मृती मोकळी करण्याची सोय एजमध्ये २०२१ साली व क्रोममध्ये २०२२ साली सर्वांना मिळू लागली. झोपलेल्या टॅबाचे शीर्षक जागेवर राहते आणि त्यावर बोट ठेवताच पान नव्याने आणले जाते. उपाय उत्तम आहे. पण तो यंत्रापुरता. झोपलेला टॅबही पट्टीवरील आपली जागा सोडीत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक विद्यार्थी ग्रंथालयात बसून नैर्ऋत्य मोसमी पावसावर निबंध लिहीत आहे. त्याच्यापुढे निबंधाची प्रत, एक शब्दकोश, मराठी विश्वकोशातील नोंद, भारतीय हवामानशास्त्र विभागाचे पान, तीन लेख, पाऊण तासाचे एक ध्वनिचित्रित व्याख्यान, शोधयंत्राच्या उत्तरांची पाच पाने आणि शिष्यवृत्तीचा एक अर्धवट भरलेला अर्ज, असे चौदा टॅब उघडे आहेत. प्रत्येकापाशी थांबून त्याने इतकेच विचारावे की, हे पान कशाची वाट पाहत आहे?

निबंधाची प्रत आणि शब्दकोश सतत लागणार. ते टाचून ठेवावेत. टॅबावर उंदराची उजवी कळ दाबली असता जी यादी उघडते तीत पिन करण्याची सोय असते. टाचलेला टॅब पट्टीच्या टोकाला लहान होऊन बसतो आणि चुकून बंद होत नाही. विश्वकोश, हवामान विभाग व तीन लेख ही आजच्या कामाची सामग्री, म्हणून त्यांचा एक गट करून त्यास ‘मोसमी पाऊस’ असे नाव द्यावे. गट करण्याची सोय क्रोममध्ये २०२० साली आणि फायरफॉक्समध्ये २०२५ साली आली (फायरफॉक्सने अशीच एक सोय २०११ साली दिली होती व २०१६ साली काढून घेतली होती). गटाच्या नावावर बोट ठेवले की सगळी पाने त्या नावाआड मिटतात. व्याख्यान आज ऐकावयाचे नाही. ते वाचनयादीत किंवा वाचनखुणांत, म्हणजे बुकमार्कांत, जावे. कंट्रोल ही कळ धरून डी दाबले असता वाचनखूण होते. मात्र संकेतस्थळाने दिलेले शीर्षक तसेच न ठेवता ‘मोसमी वाऱ्यांची उत्पत्ती, व्याख्यान’ असे आपल्या शब्दांत नाव द्यावे, अन्यथा वाचनखुणांचीही लवकरच अडगळ होते. वाचनखूण पानाचा केवळ पत्ता जतन करते हेही विसरू नये. मजकूर उद्या बदलला तर तीही बदललेलेच पान दाखवील. निबंधात उतारा घ्यावयाचा असेल तर पानाची पीडीएफ प्रत काढून ठेवणे बरे.

शोधयंत्राची पाच पाने सरळ मिटावीत. ज्या भीतीमुळे ती उघडी राहतात ती बहुतांशी निराधार आहे. पाहिलेल्या पानांची नोंद ब्राउझर इतिहास या सदरात ठेवीत असतो, आणि कंट्रोल व शिफ्ट धरून टी दाबले की नुकताच मिटलेला टॅब परत येतो. पुन्हा दाबले की त्याच्या आधीचा. उघड्या टॅबांतून एखादा नेमका शोधावयाचा असेल तर क्रोम व एज यांत कंट्रोल, शिफ्ट व ए या कळांनी शोधाची चौकट उघडते.

राहिला शिष्यवृत्तीचा अर्ज, आणि सर्वांत मोठा धोका तेथेच आहे. टॅब उघडा आहे म्हणून काम सुरक्षित आहे, अशी आपली समजूत असते. वास्तविक अर्ज स्वीकारणारी पुष्कळ संकेतस्थळे सुरक्षिततेसाठी ठरावीक काळ हालचाल न झाल्यास आपला प्रवेश रद्द करतात. पडद्यावर अर्ज तसाच दिसत राहतो, भरलेली माहितीही दिसते. परंतु शेवटची कळ दाबताच पुन्हा नाव व परवलीचा शब्द मागणारे पान समोर येते आणि तासाभराची मेहनत नाहीशी होते. अंतिम तारखेच्या रात्री असे घडले तर वर्ष वाया जाण्याची वेळ येते. म्हणून असा अर्ज त्याच बैठकीत पुरा करावा, किंवा मसुदा जतन करण्याची सोय असेल तर ती वापरावी. नंतर वहीत ‘शनिवारी सकाळी अकरा वाजता, उत्पन्नाचा दाखला घेऊन’ असे नेमके टिपून टॅब मिटून टाकावा.

चौदांचे आता सात झाले, त्यांतले पाच एका नावाआड. यास दहा मिनिटेही लागत नाहीत. रोज उठताना ही आवराआवर केली तर पाच मिनिटे पुरतात.

शाळेचा किंवा ग्रंथालयाचा संगणक अनेकांच्या हाताखालचा असतो, म्हणून तेथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. टॅब मिटणे म्हणजे खात्यातून बाहेर पडणे नव्हे. पत्रव्यवहाराचा टॅब मिटून उठून गेलेल्या वाचकाचे खाते पुढच्या वाचकाला तेच संकेतस्थळ उघडताच खुले सापडू शकते. प्रथम खात्यातून रीतसर बाहेर पडावे, मग टॅब मिटावा. याहून चांगला मार्ग म्हणजे पाहुण्यांसाठी असलेली किंवा खाजगी खिडकी वापरणे. ती मिटताच तिच्यातील इतिहास व प्रवेशाच्या खुणा पुसल्या जातात. परंतु मिटलेला टॅब परत आणण्याची वर सांगितलेली युक्ती तेथे भरवशाची नाही, आणि खिडकी एकदा मिटल्यावर तर चालतच नाही. म्हणून जे पुढे लागणार आहे ते उठण्यापूर्वी वहीत उतरवून घ्यावे. पानाचा पत्ता फार लांबलचक असेल तर लेखाचे शीर्षक, लेखकाचे नाव व संकेतस्थळाचे नाव एवढे लिहिले तरी शोधयंत्रास ते बहुधा पुरते.