उलटा फिरणारा क्रँक

इटलीतील वारेसे सरोवराच्या काठी ज्या कारखान्यात ‘एम व्ही अगुस्ता’ मोटारसायकली तयार होतात, त्याच्या मालकीचे फेरफार आपल्याकडील तलाठ्याच्या दप्तरी नोंदवावयाचे झाले असते, तर बिचाऱ्याची लेखणी झिजली असती. महायुद्धानंतर विमाननिर्मितीस मनाई झाल्यामुळे अगुस्ता घराण्याने 1945 साली दुचाकीचा उद्योग आरंभिला. पुढे नाव काजिवा या मोटारसायकल कंपनीकडे गेले. 2004 मध्ये मलेशियाच्या प्रोटॉनने मोठा हिस्सा घेतला आणि वर्षभरात तो अवघ्या 1 युरोस विकून सुटका करून घेतली. 2008 मध्ये हार्ले-डेव्हिडसन आली आणि गेली. पुढे कारभार सार्दारोव्ह या रशियन कुटुंबाकडे व 2022 पासून क्रमाक्रमाने ऑस्ट्रियाच्या केटीएमकडे वळला, आणि 2024 च्या अखेरीस केटीएमवरच दिवाळखोरीचा प्रसंग ओढवताच पुनश्च सार्दारोव्हांच्या हाती गेला.

या फेरफारांशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. पियाजिओच्या च्याओ मोपेडवरून 1972 मध्ये लूना घडविणाऱ्या फिरोदियांच्या कायनेटिक समूहानेच 2016 मध्ये अगुस्ताच्या गाड्या भारतात आणल्या. आणि केटीएमला सावरण्यासाठी 2025 मध्ये 80 कोटी युरोंचे साहाय्य उभे केले ते आकुर्डीच्या बजाजने.

एवढ्या विपन्नावस्थेतही या कंपनीचे अभियंते स्वस्थ बसले नाहीत, हे मला मालकीच्या इतिहासाहून अधिक मोलाचे वाटते. गोंदिया जिल्ह्यातील केशोरीच्या रस्त्यावर असली गाडी दिसण्याचा योग जवळजवळ नाहीच. परंतु तिच्या अंतरंगातील तत्त्व पडताळून पाहण्यास तेथील सायकल-दुरुस्तीचे दुकानही पुरेसे आहे. पंक्चर काढण्यासाठी सोडविलेले चाक आसाच्या दोन्ही टोकांना धरावे, कोणाकडून तरी ते जोराने फिरवून घ्यावे आणि मग एका बाजूस कलविण्याचा प्रयत्न करावा: स्थिर असताना निमूट वळणारे तेच चाक आता हट्ट धरते, आणि कलविले एका दिशेस तर मनगटाला हिसका देऊन भलत्याच दिशेस वळू पाहते. फिरत्या वस्तूची आपला अक्ष न सोडण्याची ही प्रवृत्ती, म्हणजेच घूर्णाक्ष परिणाम.

मोटारसायकलीत दोन्ही चाकांखेरीज इंजिनातील क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणारा दांडा, हाही असाच फिरता पदार्थ आहे. ताशी 120 किलोमीटर वेगाने चाक सेकंदास सुमारे 17 फेरे घेते. मिनिटास 13,000 फेरे घेणारा क्रँक मात्र सेकंदास 216 हून अधिक. चाकापेक्षा तो आकाराने पुष्कळ लहान, पण वेगामुळे त्याचा प्रभाव दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. बहुतेक गाड्यांत तो चाकांच्याच दिशेने फिरतो, त्यामुळे दोहोंचे हट्ट एकत्र होतात आणि वेगात असलेली गाडी एका वळणातून दुसऱ्यात कलविणे जड जाते. 2012 मध्ये विक्रीस आलेल्या एफ-3 या तीन सिलिंडरांच्या गाडीत अगुस्ताने क्रँकची दिशाच उलटी केली. शर्यतीच्या गाड्यांत ही युक्ती पूर्वीपासून होती. रस्त्यावरच्या गाडीत ती आणण्याचे धाडस या कारखान्याने दाखविले. आता चाकांच्या परिणामातून क्रँकचा परिणाम वजा होतो. शिवाय एकाएकी वेग वाढविताना सरळ फिरणाऱ्या क्रँकची प्रतिक्रिया पुढचे चाक उचलू पाहते, तर उलट्याची प्रतिक्रिया ते खाली दाबते.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. मागचे चाक पुढेच फिरले पाहिजे, म्हणून मध्ये एक जास्तीचे दंतचक्र घालावे लागते. त्याचे वजन आले, घर्षण आले आणि शक्तीची थोडी गळतीही आली.

अगुस्ताच्या नव्या आवृत्त्यांच्या जाहिरातींत रंग आणि माहिती दाखविणारे पडदेच मिरवितात, पण सध्याच्या सुधारणांमागचे खरे दडपण वेगळे आहे. युरोपात सर्व नव्या मोटारसायकलींना 2025 च्या 1 जानेवारीपासून लागू झालेल्या ‘युरो 5 प्लस’ नियमांनुसार धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकावर गाडीने स्वतःच देखरेख ठेवावी लागते. उत्प्रेरकाच्या आधी व नंतर प्राणवायूचे संवेदक बसवितात. उत्प्रेरक शाबूत असेल तर तो प्राणवायू साठवून चढउतार पचवितो व मागील संवेदकाची रेषा संथ राहते. तो निकामी होऊ लागला की मागची रेषाही पुढचीसारखीच खालीवर होते आणि दिवा लागतो. ही देखरेख उभारण्याचा व तपासून घेण्याचा खर्च लाखो गाड्या विकणाऱ्या होंडाला जाणवतही नसेल. मोजक्या गाड्या विकणाऱ्या अगुस्ताला मात्र तोच भार प्रत्येक गाडीच्या किमतीवर चढवावा लागतो.